उभ्या इंजिनांचा मिस्तरी

बातमी घेऊन आला तो म्हसावदचा एक शेतकरी, सायकलवर. मी मळ्यातल्या छपरीत मोटारीचं बॉनेट उघडून तेल बघत होते. त्यानं सायकल निंबाला टेकवली, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "वैनी, आपला उखा मिस्तरी गया." दुपारी मिस्तरींनी पिठाच्या गिरणीचा पट्टा चढवला, बाकावर टेकले, आणि दळणं संपली तरी ते उठले नाहीत. दळायला आलेल्या बायका म्हणे पीठ भरून घेत होत्या आणि मिस्तरींना डुलकी लागली असं समजून आपसांत हळू बोलत होत्या. गिरणी शेवटपर्यंत नीट चालू होती. आज या गोष्टीला पाच आठवडे झाले. शहादा तालुक्याबाहेर उखा मिस्तरींचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण मुंबईत अशी काही घरं आहेत, जिथं जुन्या विलायती शर्यतीच्या गाड्या लाडानं सांभाळल्या जातात, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात म्हसावदच्या या माणसाचं काम फिरतं आहे. मालकांना त्याचा पत्ता नाही. तो लागावा म्हणून मी लिहायला बसले. रडगाणं गायचं नाही, एवढं आधीच ठरवलं आहे. मला त्या माणसाचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

आमच्या गाडीचं सांगितल्याशिवाय मिस्तरींचं काही सांगता येणार नाही. माझे वडील गुजरातच्या हद्दीवरच्या एका लहानशा संस्थानात मोटारखान्याचे प्रमुख होते. तिथल्या धाकट्या कुमारांनी युद्धाआधी विलायतेहून एक उघडी, दोन सीटांची, हिरवी गाडी मागवली होती. नाक लांब, डोळे बटबटीत आणि आवाज असा, की दोन गल्ल्या आधी कळावं. संस्थान विलीन झालं, कुमार परदेशी निघाले आणि जाताना ती गाडी बाबांना बक्षीस देऊन गेले. मी बाबांची एकुलती एक. साडीचा पदर खोचून गाडी कशी चालवायची, हे मला त्यांनी शिकवलं, आणि ते शिकवताना आईचं जे काही ऐकून घेतलं ते वेगळंच. त्यांची एकच अट होती. या गाडीला मुंबईच्या केकीशेठशिवाय कुणाचाही हात लागायचा नाही. केकीशेठ म्हणजे अशाच गाड्यांचे जाणकार. दुसऱ्या साध्या मोटारी ते दुकानाच्या फाटकातूनही आत घेत नसत. बाबांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पितळी पट्टी ठोकली होती आणि तिच्यावर केकीशेठचं नाव आणि गाव कोरून घेतलं होतं. माझं लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीला आले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी बाबा गेले. शेवटच्या दिवसांतही ते मला म्हणाले होते, "गाडी मोडली तरी चालेल, पण भलत्याच्या हातात देऊ नकोस." माझ्या लेखी ते वाक्य म्हणजे दगडावरची रेघ होती.

गाडी सासरी आणली ती मी स्वतः चालवत, शेजारी आमचे हे, जीव मुठीत धरून. खांडबाऱ्याच्या बाजारात म्हशी बिथरल्या आणि एका बांगडीवालीनं आम्हा दोघांच्या सात पिढ्या काढल्या. तापीच्या वाळूत चाकं रुतली तेव्हा बैलजोडी जुंपावी लागली, आणि अशा थाटात, पुढं बैल आणि मागं मोटार, माझा गृहप्रवेश दुसऱ्यांदा झाला. सासऱ्यांनी, म्हणजे गावचे पाटील बापूजींनी, गाडीभोवती एक चक्कर मारली. हिच्यात भारा मावत नाही, कपाशी मावत नाही, तिसरं माणूस मावत नाही, मग ही नेमकं करते तरी काय, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. गावानं मात्र दोन दिवसांत तिचं बारसं उरकलं. हिरवा रंग आणि ते डोळे... तेव्हापासून ती आमच्याकडे 'बेडकी' म्हणूनच ओळखली जाते.

उखा मिस्तरी मला पहिल्यांदा भेटले ते आमच्या केळीच्या मळ्यात. पाण्याचं इंजिन बिघडलं होतं आणि ते दुरुस्त करायला त्यांना बोलावलं होतं. उंची बेताची, खांदे मात्र रुंद, कानात तांब्याची बारीक बाळी. वय पंचेचाळिशीच्या आसपास. तरुणपणी कापसाच्या जिनिंग कारखान्यात होते, नंतर म्हसावदला पिठाची गिरणी टाकली आणि तिच्या मागच्या छपरात सगळ्या पंचक्रोशीच्या यंत्रांचा दवाखाना मांडला. पंपाचं इंजिन, रसाचा चरक, शिलाई मशीन, शाळेतलं घड्याळ, कुणाचा ग्रामोफोन. ते कशालाच नाही म्हणत नसत. मी गाडी घेऊन मळ्यात आले, तसे ते इंजिनावरून उठून उभे राहिले आणि कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "वैनी, तुमनी गाडीना पोटमा ठोका पडी ऱ्हायना." ठोका मलाही महिनाभर ऐकू येत होता. मी तो ऐकू येत नसल्यासारखं करत होते. दुसऱ्या कुणी ते बोलून दाखवावं याचा मला राग आला, आणि मी ताठ्यानं सांगितलं की या गाडीला मुंबईचा माणूस लागतो. मिस्तरींना त्याचं काही वाटलं नाही. "लागस तं बलावा ना मंग. आपन पंपना मानूस," असं म्हणून ते पुन्हा इंजिनाशी बसले.

मी खरोखरच मुंबईला गेले. गाडी नंदुरबार स्टेशनावरून मालगाडीच्या वाघिणीत चढवून पाठवली. केकीशेठनी इंजिन उघडलं, बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. दांडा जिथं फिरतो तिथल्या बेरिंगचं पांढऱ्या धातूचं अस्तर झिजून गेलं होतं. असे भाग विलायतेतून तयार यायचे, आणि परदेशी मालाची आवक तर सरकारनं बंद केलेली. पूर्वी त्यांच्याकडे हे अस्तर ओतणारा एक म्हातारा होता. तो वारला आणि त्याच्याबरोबर ती कलाही. "डीकरी, झाकून ठेव आणि वाट बघ," एवढंच ते म्हणाले. मोठा सज्जन माणूस. गाडी परत पाठवताना त्यांनी तिला कापडाची खोळ शिवून दिली. खोळीतली बेडकी वर्षभर छपरीत उभी राहिली. कोंबड्यांनी तिच्या सीटवर अंडी घातली. पुढच्या दिवाळीनंतर बापूजींनी भंगारवाल्याला निरोप धाडला. ते दुष्टपणानं वागले असं मी म्हणणार नाही. जी वस्तू चालत नाही ती जागा अडवते, एवढाच त्यांचा हिशेब. भंगारवाला येऊन गाडीवर बोटांनी टकटक करून गेला. तो पुन्हा आठ दिवसांनी येणार होता. मी हात जोडून बापूजींकडे एक महिना मागून घेतला.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक करताना मला जिनिंग आठवलं. लहानपणी बाबांबरोबर मी एका जिनिंगमध्ये गेले होते आणि तिथं लांबच लांब दांड्याची बेरिंगं ओतताना पाहिली होती. तोच पांढरा धातू. उखा मिस्तरी जिनिंगचेच की! भाकरी तव्यावर करपली, सासूबाई ओरडल्या, पण माझं लक्ष नव्हतं. एकीकडे बाबांचा शब्द आणि दुसरीकडे बाबांची गाडी. शब्द पाळला तर गाडी भंगारात, आणि गाडी राखली तर शब्द मोडणार... दोन दिवस माझ्या भाकरी करपतच राहिल्या. शेवटी यांनीच मला विचारलं, "तुझ्या बाबांना नक्की काय जपायचं होतं? पट्टी की गाडी?" तिसऱ्या दिवशी बैलगाडीमागे बेडकीला बांधून आम्ही म्हसावदला निघालो.

मिस्तरींनी सगळं इंजिन उतरवायला तीन दिवस घेतले. प्रत्येक भाग कुठून निघाला ते भिंतीवर कोळशानं काढून ठेवलं. पंखाजवळचा तो नाजूक कार्बोरेटर, ज्याच्यातून पेट्रोल आणि हवा मिसळून जाते, तो त्यांनी फक्त काढला, फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. "हाई मन्हं काम नही. मुंबईले धाडा." मी चकित झाले. माझी समजूत अशी, की कशालाच नाही न म्हणणारा माणूस सगळ्यातच हात घालणार. आपलं काय नाही हे इतक्या सहज सांगणारा कारागीर मी तोवर पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर पुढंही फारसा पाहिला नाही. माझी भीती निम्मी तिथंच गेली.

ओतायच्या दिवशी गिरणी बंद होती. छपरात शेगडी फुलली होती, कढईत धातू वितळला होता. धातू किती तापलाय हे बघायला मिस्तरींकडे कसलंही यंत्र नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातल्या सरपणातून कपाशीची वाळलेली काडी, पऱ्हाटी, ओढून घेतली आणि तिचं टोक धातूत बुडवून काढलं. ते नुसतंच पिवळं पडलं. थोडं थांबून दुसरी काडी. ती पेटलीच, तेव्हा निखारे मागं ओढले. तिसऱ्या वेळी काडी गुळासारखी तांबूस झाली. "आते," म्हणजे आता, ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं, जिजाबाईंनी, साचा धरला, आणि मिस्तरींनी एका दमात, धार न तोडता, धातू आत सोडला. मग पुढचे सहा दिवस खरवडणं. दिव्याची काजळी तेलात कालवून दांड्याला लावायची, बेरिंग बसवून फिरवायचं, काढायचं, जिथं काळं लागलं तिथलं नखाच्या टोकाएवढं खरवडायचं, पुन्हा बसवायचं. जुनी तिधारी कानस घासून केलेली खरवडणी होती त्यांच्याकडे. शेवटी दांडा बेरिंगात असा बसला की मध्ये केसही शिरू नये. मिस्तरी खूश. मीही खूश.

तोवर मुंबईहून कार्बोरेटर नीट होऊन आला. गाडी सुरू झाली, ठोका नाहीसा झाला, छपराबाहेर माणसं जमली होती ती हसली, टाळ्याही वाजल्या. मी एकटी शहाद्याच्या रस्त्याला लागले. चार-पाच मैलांवर गाडी जड वाटायला लागली. तेलाचा काटा खाली उतरला. जळका वास आला. मी लगेच वेग तोडला आणि बैलगाडीच्या चालीनं परत आले. तोवर सगळं शांत झालं होतं. मिस्तरींनी छपरात गाडी सुरू करून ऐकली. एकदा, दोनदा, दहा वेळा. "आठे तर चांगली चाली ऱ्हायनी, वैनी." आणि खरंच तिथं उभी असताना ती शहाण्यासारखी चालत होती. मी रस्त्यावर नेली की वास, छपरात आणली की गुपचूप. असं चार दिवस चाललं. चौथ्या दिवशी माझा संयम सुटला. चारचौघांत मी बोलून गेले की बाबा सांगत होते ते उगाच नव्हतं, हे पंपवाल्याचं काम नाही. मिस्तरींनी मान खाली घातली आणि ते हातातला पाना पुसत राहिले. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

मी त्यांना म्हटलं होतं, शेजारी बसा आणि स्वतः ऐका. ते दर वेळी म्हणायचे, कपडे तेलकट आहेत. मला कळेना, गोणपाट टाकून बसायला काय हरकत आहे. खरं कारण मला यांनी सांगितलं. गाडीला दोनच सीटा. पाटलाच्या सुनेच्या खांद्याला खांदा लावून, उघड्या गाडीत, भर रस्त्यानं मिस्तरी कसा जाणार? डोक्यावरचा पदर ढळला तरी बोलणारं आमचं गाव. म्हणजे एका माणसाला जे ऐकायला हवं होतं ते फक्त एकाच जागेवर बसून ऐकू येणार होतं, आणि नेमकी तीच जागा त्याला बंद होती. महिना संपायला आठ दिवस उरले होते. भंगारवाला पुन्हा घरी चक्कर मारून गेला होता.

बापूजी त्या दिवशी कपाशीच्या गाड्यांबरोबर म्हसावदला आले होते. पाणी प्यायला ते छपरात टेकले आणि सगळा प्रकार त्यांनी निमूट ऐकून घेतला. मला वाटलं, आता भंगारवाल्याचं नाव निघणार. ते उठले, बेडकीपाशी गेले, डावीकडच्या सीटवरची धूळ आपल्या उपरण्यानं झटकली आणि म्हणाले, "बस रे उखा. मन्ही सून शे ती, आनि तू तिना मिस्तरी. गावले जे देखनं शे ते देखू दे." माझ्या सासऱ्यांबद्दल मी इतर वेळी काहीही बोलले असेन, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवीन. मिस्तरी गोणपाट टाकून बसले. अंग चोरून, दाराला चिकटून, दोन्ही हात मांडीवर. गावातून जाताना मान वर केली नाही. मोकळा रस्ता लागला तशी मी गाडी सोडली. वेगाचा काटा पन्नासाला टेकला. धूळ, वारा, त्यांची टोपी केव्हाच उडून गेली. त्यांनी सोबत घेतलेला लाकडी दांडका उचलला, एक टोक पायाशी इंजिनाच्या बाजूला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. दोन मैल तसेच. मग हात वर केला, "थांबाडा."

ते खाली उतरले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मी दिलेलं पाणी त्यांनी घेतलं नाही. मग म्हणाले, "वैनी, मी जलमभर उभ्या मशिनी देख्यात. हाई पळनारी शे. मी तिले उभी समजनू. चूक मन्ही शे." जिनिंगचा दांडा, पंप, गिरणी, चरक, सगळी एका जागी उभी राहून हळू फिरणारी यंत्रं. त्यांच्यात बेरिंग जितकं घट्ट तितकं चांगलं. याच हिशेबानं त्यांनी बेडकीचं बेरिंग बसवलं होतं. पण ही तिप्पट वेगानं फिरणार, तापणार, फुगणार, तिला तेलापुरती जागा हवी. परत आल्यावर, ज्या चारचौघांत मी त्यांना बोलले होते त्याच चारचौघांत त्यांनी हे सांगितलं. आपली चूक इतक्या सरळ आवाजात सांगणारा माणूस मी पाहिला तो तेव्हाच.

जागा किती हवी, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते अंदाजानं ठरवलं नाही. "मुंबईवालाले पुसा," ते म्हणाले. मी केकीशेठना तार केली. उलट तारेनं आकडा आला, इंचाच्या हजाराव्या भागातला. जिनिंगच्या साहेबांकडे बारीक मोजायचं यंत्र होतं, तिथं मिस्तरींनी पतंगाचा कागद मोजून पाहिला. दोन पदर म्हणजे बरोबर तो आकडा. मग पुन्हा खरवडणं, आणि दांडा नि बेरिंग यांच्यामध्ये पतंगाच्या कागदाचे दोन पदर घालून बघणं. घातले तर दांडा अडला पाहिजे, काढले तर फिरला पाहिजे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी म्हसावदहून शहाद्याला आणि शहाद्याहून ब्राह्मणपुरीला न थांबता आले. तेलाचा काटा जागचा हलला नाही. दारात भंगारवाला बसला होता. बापूजींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी केकीशेठ स्वतः आमच्याकडे आले. उन्हानं लालबुंद, हातात छत्री. त्यांनी म्हसावदला बेडकीचं इंजिन खालून उघडायला लावलं, बेरिंगावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि मला विचारलं, "आ कोनो हाथ छे?" मी मिस्तरींकडे बोट दाखवलं. केकीशेठना इकडची बोली येत नव्हती आणि मिस्तरींना त्यांची गुजराती निम्मी समजत होती. दोघं तासभर बाकावर बसून पऱ्हाटीच्या काड्यांविषयी बोलत होते. त्यानंतर मुंबईहून नंदुरबार स्टेशनावर लाकडी खोकी यायला लागली. आत भुशात गुंडाळलेले, कधी एका तर कधी दुसऱ्या गाडीचे भाग. अशा गाड्यांना खास जाणकार हवा की सगळं जाणणारा मिस्तरी, यावर केकीशेठच्या दुकानात म्हणे साहेब लोक तावातावानं वाद घालत. आणि ज्यांनी जाणकाराच्या बाजूनं आवाज चढवला त्यांच्याच गाडीचं पोट म्हसावदला गिरणीच्या मागं उघडं पडलेलं असे. केकीशेठ हे मला पत्रातून खुशीत कळवत. ते त्या वादात कधी पडले नाहीत.

मिस्तरी मात्र बदलले नाहीत. होळीनंतर पाऊस पडेपर्यंत मोटारीला हात लावायचा नाही, ते दिवस पाण्याच्या इंजिनांचे, हा त्यांचा नेम. खोकी आली तरी तशीच कोपऱ्यात. एका वैशाखात केकीशेठनी मला मुंबईला बोलावलं, जुन्या गाड्या एकत्र चालवत नेण्याचा त्यांच्या मंडळींचा बेत होता, आणि बेडकी नेमकी आठ दिवस आधी रुसली. मी धावत म्हसावदला गेले. मिस्तरी सातपुड्याच्या पायथ्याला निघाले होते. तिथल्या पाच-सहा पावरा आदिवासी कुटुंबांनी मिळून एक जुनं इंजिन घेतलं होतं, ते बंद पडलं होतं, आणि त्यांनी पहिल्यांदाच केळी लावली होती. मी गयावया केली. दोनच दिवस द्या म्हटलं. "केळी मरी जातीन, वैनी. गाडी काय, उभी ऱ्हाई सकस," असं म्हणून ते हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालू लागले. मी त्या वर्षी मुंबईला गेले नाही आणि महिनाभर त्यांच्याशी बोललेही नाही. पुढं कार्तिकात ते पावरा लोक केळीचा एक घड म्हसावदला घेऊन आले, त्यांच्याच बोलीत मिस्तरींशी काही बोलले, आणि मिस्तरींनी तो घड तसाच माझ्याकडे पाठवून दिला. माझा राग त्या घडाबरोबर संपला.

पट्टीची गोष्ट त्यानंतरची. केकीशेठनी मुंबईहून एक पितळी पट्टी करून पाठवली, बाबांच्या पट्टीच्या अगदी जोडीची. तिच्यावर 'इंजिन : उखा मिस्तरी, म्हसावद' असं कोरलेलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, माझ्या नावाच्या खाली लाव. मी उड्या मारत म्हसावदला गेले. मिस्तरींनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, हसले आणि मान हलवली. "नाव लायं तं लोके म्हनतीन, मिस्तरी आते मोटारवाला व्हई गया. मंग पंप कोन लई येई मन्हाकडे?" मी पुष्कळ समजावलं. ते ऐकेनात. मी चिडून पट्टी त्यांच्याच बाकावर ठेवून आले. पुढं कधी आठवण काढली की ते गिरणीच्या आवाजाचा बहाणा करायचे, ऐकू आलं नाही म्हणायचे. बाबांनी पट्टीवर एकच नाव कोरलं होतं. तिथं दुसरं यावं, याला बाबांनीही मान डोलावली असती, हे मला मिस्तरींना डोळ्यांसमोर दाखवायचं होतं. ते राहूनच गेलं, असं मी धरून चालले होते.

दहाव्याला मी म्हसावदला गेले होते. छपरात सगळं जागच्या जागी. भिंतीवर बेडकीच्या भागांची ती कोळशाची चित्रं अजून पुसट दिसत होती, बारा-तेरा वर्षांनी. जिजाबाईंनी फळीवरून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. पतंगाच्या कागदात गुंडाळलेली. "हाई तुमनी पट्टी शे. दर आयतवारले पुसेत," त्या म्हणाल्या. पट्टी आरशासारखी लखलखीत होती, आणि तिच्याबरोबर दोन पितळी स्क्रू. मी ती घेऊन घरी आले. कपाटात ठेवावी म्हटलं. माणसानं जिवंतपणी नाही म्हटलेलं, मेल्यावर आपण कसं करायचं?

तीन आठवडे ती कपाटात होती. मग परवा बेडकी धुवायला काढली. होळीच्या आधी मिस्तरींनी ती शेवटची तपासायला नेली होती आणि दोन दिवस ठेवून घेतली होती, त्यानंतर मी बॉनेटच्या आतली बाजू पुसलीच नव्हती. फडकं फिरवताना बाबांच्या पट्टीच्या खाली काहीतरी नखाला लागलं. मेण होतं. हिरव्या रंगात कालवलेलं, बाजूच्या पत्र्यापासून ओळखू येऊ नये असं. मी ते खरवडून काढलं. आत दोन भोकं. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या, गंज चढू नये म्हणून आतून तेल लावलेलं, आणि दोहोंमधलं अंतर... मी आत जाऊन पट्टी आणली आणि लावून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. मग मीच पेचकस घेतला आणि दोन्ही स्क्रू आवळले. पतंगाच्या कागदाचा एक पदरसुद्धा मध्ये शिरत नाही, हे बघून घेतलं. ही पट्टी उभीच राहायची आहे, तिला फिरायचं नाही.